निबंधाची पूर्वरचना : मुद्दे आणि त्यांचा अनुक्रम

निबंध लिहिण्यापूर्वी त्याची रूपरेषा आखावी, हे शालेय स्तरापासून सांगितले जाते. परंतु रूपरेषा म्हणजे मुद्द्यांची यादी, हा तेथेच रुजलेला समज पदव्युत्तर वर्गापर्यंत टिकून राहतो. यादीतील मुद्दे केवळ शेजारी असतात. रूपरेषेतील मुद्दे एकमेकांवर अवलंबून असतात. हा भेद एका परिचित विषयाच्या आधारे पाहता येईल.

'लोकहितवादींची शतपत्रे' या विषयाचा आराखडा बहुधा असा केला जातो : चरित्र, कालखंड, विषय, भाषा, टीका, समारोप. या क्रमात कोठेही प्रश्न नाही. म्हणूनच 'विषय' आणि 'भाषा' यांची अदलाबदल केली तरी निबंधाचे काही बिघडत नाही, आणि हेच त्याच्या सैलपणाचे गमक होय.

याउलट, गोपाळ हरी देशमुखांनी पत्राचाच घाट का स्वीकारला, हा प्रश्न आधी निश्चित केला, की सामग्रीची निवड सुकर होते. ही १०८ पत्रे १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात टोपणनावाने प्रसिद्ध झाली. ही माहिती आता 'कालखंड' या मथळ्याखाली पडून राहत नाही. टोपणनावाने मिळणारी मोकळीक आणि वाचकाशी थेट बोलण्याची सोय यांच्या विवेचनाचा ती आधार बनते. भाषेच्या रोखठोकपणाचा विचार त्यातूनच निघत असल्याने तो त्यानंतरच यावयास हवा. चरित्र मात्र एका वाक्यात उरकावे. १८२३ साली जन्मलेला लेखक तेव्हा पंचविशीत होता, एवढेच येथे उपयोगी.

खरा पेच टीकेच्या स्थानाचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'त लोकहितवादींवर कठोर टीका केली. ती आरंभी दिल्यास वाचक पत्रांकडे चिपळूणकरांच्याच दृष्टीने पाहू लागतो. अखेरीस जोडल्यास ती निव्वळ पुरवणी ठरते. भाषेच्या विवेचनाला लागून ती येणे अधिक सयुक्तिक. कारण साप्ताहिकातले आटोपशीर पत्र आणि मासिकातला विस्तृत निबंध यांच्या भिन्न अपेक्षा तेथे समोरासमोर येतात.

आराखड्यात प्रत्येक परिच्छेदासाठी एक शब्द नव्हे, तर एक पूर्ण विधान लिहावे. 'भाषा' या शब्दाला कोणी हरकत घेऊ शकत नाही. 'पत्राच्या घाटामुळे भाषा रोखठोक झाली' या विधानाला घेता येते, आणि म्हणून त्याला पुरावा लागतो. असे विधान सुचत नसेल, तर लेखनाची घाई न करता पुन्हा मूळ पत्रांकडे आणि टिपणांकडे वळावे.