बोटीवरचा सीआयडी: माणूस की कॅमेरा?

बंगळूरच्या बनशंकरीहून मंगळुरूचा समुद्र साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. तरी बोटींवर पाळत ठेवण्याची सूत्रं हलतात ती याच शहरातून! अंतराळ विभागाची न्यूस्पेस इंडिया ही कंपनी बंगळूरची. तिच्याकडे काम आहे मासेमारी बोटींवर 1 लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याचं. सुमारे 360 कोटींच्या या योजनेचा नारळ फुटला तो मात्र पालघरात, 30 ऑगस्ट 2024 ला.

बोटीवरून निघालेला संदेश 36 हजार किलोमीटर वर जीसॅट-6 कडे जातो आणि किनाऱ्यावर उतरतो. वादळाचा इशारा, हद्दीची सूचना, संकटात मदतीची हाक, सगळं त्यावर चालतं. पण जाळ्यात काय आलं, हे ट्रान्सपॉन्डरला विचारू नका.

ते पाहायला परदेशात कॅमेरे लावतात. हे गडी मोठे हुशार: जाळं ओढणारं विंच सुरू झालं, हायड्रॉलिक दाब वाढला, की चित्रीकरण चालू. पुढे किनाऱ्यावर कुणीतरी चहा पीत मासे मोजत बसतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात 2006 पासून काही मासेमारीत ही सक्तीच आहे.

माणूस मागे पडला म्हणता? छे! बोटीवर बसवलेला निरीक्षक माशाचं डोकं चिरून कानातला चिमुकला खडा काढतो. झाडाच्या खोडासारखी त्याची वलयं मोजली की माशाचं वय कळतं. कॅमेऱ्याला सुरी धरता येत नाही. शिवाय हिंदी महासागर ट्युना आयोग मोठ्या जहाजांच्या कामापैकी जेमतेम 5 टक्क्यांवर निरीक्षक मागतो. उरलेल्या 95 टक्क्यांचं काय, ते दर्यालाच ठाऊक!

निरीक्षकाचा पगार कोणी द्यायचा? अमेरिकेत हेरिंग मासे पकडणाऱ्यांवर रोज अंदाजे 710 डॉलरचा बोजा पडणार होता. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 28 जून 2024 ला न्यायालयाने सरकारी खात्यांना झुकतं माप देणारा 1984 चा गाजलेला दंडकच मोडीत काढला. निमित्त काय, तर हेरिंग!

आपल्याकडे जानेवारी 2025 पासून महाराष्ट्रातल्या मिरकरवाडा, देवगडसारख्या बंदरांवरून ड्रोन उडतात. बंदी असलेले एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांची आता पंचाईत.

आमचा कौल असा: जिथे खलाशांनाच पाय पसरायला जागा नाही, त्या छोट्या बोटीवर कॅमेरा पुरे. महिनोन् महिने समुद्रात राहणाऱ्या ट्युनाच्या जहाजावर मात्र दोन्ही हवेत, आणि खर्च जहाजमालकाचा.