मद्य अंगवळणीं कां पडतें?

भडगांवच्या बाजारांत असो वा मुंबईच्या गल्लींत असो, 'आम्हांस चढत नाहीं' अशी प्रौढी मिरविणारा मद्यपी भेटतोच. आरंभीं एका पेल्यानें ज्याची चिंता निवाली, त्यासच पुढें दोन पेले लागतात. या अंगवळणीं पडण्याचें एक मूळ जनुकांच्या बांधणींत आहे.

पेशींतील जनुकांचा धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांस असिटिल गट जडले म्हणजे धागा सैल होऊन जनुकाचें कार्य चालतें. विशिष्ट विकरांनीं ते गट काढले म्हणजे धागा आवळतो. जनुकाचें अक्षर एकही बदलत नाहीं, पोथी मात्र मिटते.

शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठांत अमूल साखरकर, सुभाष पांडे आदि संशोधकांनीं उंदरांवर केलेले प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. साखरकर हे पुढें पुणें विद्यापीठांत आले. मद्याच्या पहिल्या मात्रेनें तीं विकरें दबलीं, मेंदूच्या अमिग्डला भागांत धागा सैल झाला, न्यूरोपेप्टाइड वाय हें भयशामक द्रव्य वाढलें व उंदीर निर्धास्त झाले. २४ तासांनीं तीच मात्रा निष्फळ ठरली; अधिक मात्रेनें मात्र गुण आला. पण विकरें दाबणारें औषध दिल्यावर जुनी मात्राही पुन्हां लागू पडली.

मनुष्याचा मेंदु उंदराहून गुंतागुंतीचा खरा. तरी एवढा बोध स्पष्ट आहे कीं, न चढणें हें सामर्थ्य नव्हे. मेंदु सरावतो, पेले वाढतात. यकृतास मात्र प्रत्येक पेल्याचा हिशेब चुकवावाच लागतो.