यवतमाळ सुधारलं की नाही, हे कोणता आकडा सांगतो?

वर्ष संपलं की यवतमाळबद्दलची एक बातमी ठरलेली. जिल्ह्यात किती शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या? आकडा घटला की ‘परिस्थिती सुधारली’, वाढला की ‘पॅकेज पाण्यात गेलं’. 2006 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, तिथल्या सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज मिळालं, तेव्हापासून हे गणित सुरू आहे. सत्तावीस लाखांहून जास्त लोकांच्या जगण्याचा निकाल एका आकड्यात लावायचा, आणि तो आकडाही या कामासाठी गोळाच केलेला नाही!

ही सरकारी नोंद मुळात ठेवली जाते ती वारसांना एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी. महसूल खात्याचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे येतो. सातबारा कुणाच्या नावावर, नापिकी होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे बघून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. सोयऱ्याकडून हातउसने घेतलेले पैसे या कागदात बसत नाहीत. मक्त्याने शेत करणारा अडखळतो, शेतमजूर तर गळतोच. म्हणून एकाच वर्षाचे दोन आकडे दोन वर्तमानपत्रांत दिसतात. एकाने सगळी प्रकरणं मोजलेली असतात, दुसऱ्याने फक्त पात्र. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पोलिसांकडून येतात, ते आणखी निराळे. त्यांनीही 2014 च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दाखवायला सुरुवात केली. आधीची आणि नंतरची वर्षं एका आलेखात जोडणाऱ्यांना हे माहीत नसतं, की सोयीचं नसतं, कोण जाणे.

बरं, आकडा अगदी बिनचूक धरला तरी 2017 चं काय? त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. हे अपघाती मृत्यू. आत्महत्यांच्या नोंदीत त्यांना जागा नाही. पुढच्या वर्षी राळेगाव-पांढरकवडा भागात नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीच्या धास्तीने लोक शेतात जायला कचरत होते. तीही धास्ती या नोंदीत शोधून सापडणार नाही. आत्महत्या थांबायलाच हव्यात, त्यासाठी ही नोंदही हवी. तिच्याकडून जीवनमानाचा हिशेब मात्र मागू नका.

तो हिशेब हवा असेल तर एकच प्रश्न, त्याच पद्धतीने, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा विचारावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये पहिल्यांदा जिल्हावार आकडे दिले, पुढची फेरी 2019-21 ची. मुलांची वाढ खुंटली आहे का, बायकांच्या अंगात रक्त किती, घरात शौचालय आहे का, मुलीचं लग्न अठराच्या आत झालं का. हे कंटाळवाणे तक्ते कुणी मथळ्यात छापत नाही. दुसऱ्या फेरीत कोविडचा परिणाम दिसतो, असंही सर्रास सांगतात. पण महाराष्ट्रातलं काम 2019 मध्येच आटोपलं होतं.

‘मानव विकास निर्देशांक दहा वर्षांत तिप्पट’ हेही ऐकलं आहे. 2002 च्या राज्य अहवालात यवतमाळ 0.22 वर होतं, पण त्या पट्टीवर मुंबई 1.00 धरली होती. 2012 च्या अहवालाची पट्टीच वेगळी. त्यांची वजाबाकीही होत नाही, गुणाकार दूरच.

दरडोई उत्पन्न वाढलं म्हणणाऱ्याला विचारा, चालू किमतींना की स्थिर किमतींना? जिल्ह्याची सरासरी म्हणजे वणीच्या कोळसा खाणी आणि झरी-जामणीतले कोलाम आदिवासींचे पोड (वस्त्या) एकाच बेरजेत.

आणि साक्षरता ‘आज’ 83 टक्के नाही. तो आकडा 2011 च्या जनगणनेचा आहे. 2021 ची झालीच नाही.