दोन मिलिमीटर तारेची ताकद

पिंपरी पेंढारला महामार्ग सोडून शिवारातल्या पाणंदीला लागलं की डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो. बैलगाडीची चाकोरी, मध्येच वर आलेला काळा दगड, ओढ्यातले गोटे. अशा वाटेवर जुनी माउंटन बाईक काढलीत, तर तुमचं नि तिचं मिळून 85 किलो तरी वजन होतं. ते पेलतं कोण? जेमतेम 2 मिलिमीटर जाडीच्या तारा!

हाताने सहज वाकणारी तार माणसाला पेलते कशी? बैलगाडीच्या चाकाचं सोपं आहे, तिथे भार खालच्या लाकडी आऱ्यावर टेकतो. सायकलच्या तारेला टेकू देता येत नाही. तिला फक्त ओढून धरता येतं. म्हणून प्रत्येक तार आधीच साधारण 100 किलोच्या ओढीने ताणलेली असते. तुम्ही सीटवर बसलात की जमिनीलगतची रिम किंचित दबते आणि खालच्या मोजक्या तारांचा ताण उतरतो. बाकीच्या तारांना जवळजवळ पत्ताच नसतो! ही युक्ती इंग्रज अभियंते जॉर्ज केली यांना 1808 मध्ये सुचली, तीही उडत्या यंत्राच्या चाकांसाठी. सायकल तेव्हा जन्मायची होती.

ताणलेल्या तारेची करामत मोठ्या आकारात पाहायची असेल, तर पिंपरी पेंढारच्याच तालुक्यात खोडदला जा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्यांमधून पलीकडचं आभाळ दिसतं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या तारांची जाळी ताणून त्या घडवल्या. वारा आरपार निघून जातो, तबकडी हलकी राहते.

आता जुन्या सायकलीचं दुखणं बघा. 26 इंची चाक एका किलोमीटरला सुमारे 480 फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावून पुन्हा ताणली जाते. 20 किलोमीटरमध्ये जवळपास 10 हजार वेळा! धातू थकतो तो अशानेच. मग घट्ट तार आधी तुटत असेल? नाही, ढिली तुटते. दगडावर ती पार लुळी पडते, हबपाशी जिथे ती वाकवलेली असते तिथे हिसके खाते, तिला रिमशी आवळणारं निप्पल आपोआप फिरून आणखी सैल होतं आणि तिचा वाटा शेजारच्या तारांवर येतो. चाक डुगडुगायला लागतं, म्हणजेच त्याला ‘आउट’ येतो, तो असा.

म्हणून निघण्याआधी चाकाच्या एकाच बाजूच्या तारा नखाने छेडून पाहा. आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी बद्द वाजली, तर सायकल आधी मिस्त्रीकडे न्या. मागच्या चाकाला फ्रीव्हीलच्या बाजूचा सूर वरचा असतो. तिथे तारा मुळातच जास्त ताणाव्या लागतात.

उरलेलं काम तुमच्या गुडघ्यांचं. सायकल 14-15 किलोची, तुम्ही तिच्या पाचपट! सीटवर घट्ट बसून दगडावर गेलात, तर टायर पुरता दबतो, ट्यूब दगड आणि रिमच्या कात्रीत सापडते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पेडल समपातळीत ठेवून उभे राहिलात, गुडघे-कोपरं सैल सोडलीत, तर चाक दगडावर चढून उतरतं आणि तुमचं डोकं जवळपास त्याच उंचीवर राहतं. वीतभराहून जास्त खाली-वर होणारं हे सस्पेन्शन फुकट मिळतं! 1976 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरउतारावर काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षं जुन्या सायकलींच्या शर्यती सुरू केल्या, त्याही अशाच अंगाच्या जोरावर. हबमधले ब्रेक इतके तापत, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. त्या सायकलींच्या फ्रेम पोलादी होत्या.

पोलादाचा एक गुण आहे. हिसका एका मर्यादेच्या आत राहिला, तर लाखो हिसके बसूनही त्यात भेग पडत नाही. ॲल्युमिनियमला ही सवलत नाही. मात्र हँडलखालचा आणि पेडलच्या आसाजवळचा जोड फडक्याने पुसून नीट बघा. रंगात केसाएवढी गंजकी रेघ दिसली, तर ती भेग समजा आणि ती सायकल उतारावर नेऊ नका.