अकरावी-बारावीची मुलंही करतात ताऱ्यांचं खरं संशोधन. जोडताऱ्यांची मोजणी कशी होते?

लग्नात नवरा-नवरीला अरुंधतीचा तारा दाखवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून दिसणारी बारीक अरुंधती. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला ही जोडी साध्या डोळ्यांनी दिसते. छोट्या दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठसुद्धा एक नसून दोन तारे दिसतात. अशा जोडीला जोडतारा म्हणतात.

जोडी खरी की नुसती दिसायला?

रात्री गावाबाहेर उभं राहिलं, की जवळच्या सायकलचा दिवा आणि लांबच्या टॉवरचा दिवा एका रेषेत आले तर शेजारी-शेजारी वाटतात. काही जोडतारे तसेच असतात, नुसते दिसायला जवळ. काही मात्र एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे एकमेकांच्या ओढीने बांधलेले असतात आणि एकमेकांभोवती फिरतात. शास्त्रज्ञांना ही खरी जोडी हवी असते. ती किती मोठ्या कक्षेत आणि किती वर्षांत फिरते हे कळलं, की ताऱ्यांचं वजन काढता येतं. ताऱ्याचं वजन थेट काढायचा हाच मुख्य मार्ग आहे.

मोजायचं काय?

फक्त दोन आकडे:

- दोन ताऱ्यांमधलं अंतर. हे विकलांमध्ये मोजतात. अडीच सेंटिमीटरचं नाणं पाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढी साधारण एक विकला.
- दिशा. मोठ्या ताऱ्यापासून लहान तारा उत्तरेकडून पूर्वेकडे किती अंशावर आहे, तो कोन.

त्यासोबत मोजणीची तारीख लिहायचीच. तारीख नसेल तर आकडे वाया.

मुलांचं काम काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्वेस्टा कॉलेजमध्ये रसेल जेनेट या खगोलशास्त्रज्ञांनी यासाठी खास वर्ग चालवला. शाळेच्या वरच्या वर्गातली आणि कॉलेजची मुलं गट करून एक जोडतारा निवडतात. जुन्या नोंदी काढतात. दुर्बिणीला कॅमेरा लावून एकाच जोडीचे अनेक फोटो घेतात, प्रत्येकावर मोजणी करून सरासरी काढतात. चूक किती असू शकते तेही लिहितात. स्वतःची दुर्बीण नसली तरी लांबची दुर्बीण इंटरनेटवरून चालवून फोटो मिळवता येतात.

मग नवा आकडा जुन्या आकड्यांसोबत आलेखावर मांडतात. ठिपके वळणावर बसले तर जोडी खरी असण्याची शक्यता वाढते, सरळ रेषेत गेले तर बहुधा नुसती दिसायला. शेवटी लेख लिहायचा, जाणकारांकडून तपासून घ्यायचा आणि ‘जर्नल ऑफ डबल स्टार ऑब्झर्वेशन्स’ या नियतकालिकात छापायला द्यायचा.

मुलांच्या आकड्याला किंमत का?

पुनर्वसू नक्षत्र शेतकऱ्याला पावसामुळे ठाऊक आहे. त्यातल्या एका ताऱ्याची जोडी एकमेकांभोवती फिरते हे विल्यम हर्शेल यांनी १८०३ साली वीसेक वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं. या जोडीला एक फेरी पुरी करायला सुमारे साडेचारशे वर्षं लागतात. एका माणसाच्या हयातीत ती पुरी बघून होत नाही. म्हणून सातबाऱ्यावर जशी पिढ्यान् पिढ्या नोंद चढते, तशीच इथेही चढवावी लागते. वॉशिंग्टनच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीच्या यादीत दीड लाखाहून जास्त जोड्या आहेत. एवढ्या जोड्या पुन्हा पुन्हा मोजायला मोठ्या दुर्बिणींना वेळ नसतो. तिथे मुलांची नीट केलेली मोजणी कामी येते.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. विल्यम जेकब या इंग्रज अधिकाऱ्याने १८४२ साली पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि तिथून पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी केली.

ज्या शाळेत छोटी दुर्बीण आहे, तिथे सुरुवात वसिष्ठापासून करता येईल. त्याच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर साधारण १४ विकला आहे. मुलांनी आधी स्वतः मोजावं आणि मग या आकड्याशी ताडून बघावं.