खोडदची दुर्बीण आणि खिशातली दुर्बीण

नारायणगावात उतरून ‘दुर्बीण कुठंय?’ असं विचारलं, तर लोक खोडदचाच रस्ता दाखवतील. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या प्रकल्पात एकूण ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी गोळा करायच्या, तर तोंड रुंद हवं. गडावर खिशात घालून न्यायच्या एकनळी दुर्बिणीला, म्हणजे मोनोक्युलरलाही, हाच हिशेब लागू होतो. फक्त तिथे मीटर असतात, इथे मिलिमीटर. विकत घेणारा मात्र पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती पट मोठं दिसतं?’ हाच.

आकडे कसे वाचायचे

८×४२ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली दुर्बीण. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यापाशी पोचणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. १०×२५ मध्ये तोच झोत अडीच मिलिमीटर होतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, त्यामुळे फरक जाणवत नाही. पण आहुप्याच्या देवराईत शिरा. तिथे दुपारीही संध्याकाळ असते. उंच फांदीवरचा शेकरू अडीच मिलिमीटरच्या झोतात नुसता काळा गोळा दिसतो. ४२ च्या भिंगातून त्याच्या पाठीचा तांबूस रंग कळतो.

पट वाढली की हाताचा कंपही तितक्या पट वाढतो, आणि दिसणारं क्षेत्र आक्रसतं. जीवधनचा चढ चढून दम लागलेला असताना दहापटीची दुर्बीण स्थिर धरून बघा! माझं मत सरळ आहे: जुन्नरच्या या परिसरासाठी ८×४२ घ्यावी. वजन फारच खुपत असेल तर ८×३२.

दुकानातली परीक्षा

रस्त्यावर किंवा ऑनलाइन ‘४०×६०’ अशी दुर्बीण स्वस्तात मिळते. तिची परीक्षा सोपी आहे. दुर्बीण उजेडाकडे रोखून हातभर लांब धरा. डोळा लावायच्या बाजूला प्रकाशाचं छोटं वर्तुळ दिसेल. आकडा खरा असेल, तर ते दीड मिलिमीटरचं असायला हवं. पट्टी लावल्यावर पाच-सहा मिलिमीटर भरलं, तर चाळीसपट फक्त खोक्यावर आहे. वर्तुळ कडेला कापल्यासारखं दिसलं, तर आतला प्रिझम हलक्या प्रतीचा समजावा.

चष्मा असेल तर तो लावूनच पाहा. डोळ्याकडची रबरी कड खाली फिरवल्यावर पूर्ण वर्तुळ दिसायला हवं.

इथे ती कशाला लागते

जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. मानमोडीच्या भूतलेण्यात चैत्याच्या कमानीत, बऱ्याच उंचावर, गजलक्ष्मी कोरली आहे. खालून मान वर करून तिचे हत्ती जेमतेम ओळखू येतात. दुर्बिणीतून छिन्नीचे घावही दिसतात. दोन नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा एकनळी इथे सोयीची, कारण दुसरा हात कातळाला धरायला मोकळा राहतो. तासभर पाहत बसायचं असेल, तर मात्र एक डोळा लवकर दमतो. पिंपळगाव जोग्याच्या पाण्यावरचे लांबचे पक्षी पाहायला दोन नळ्याच बऱ्या.

आणखी एक उपयोग जाहिरातीत कुणी लिहीत नाही. इथल्या कड्यांना आणि लेण्यांच्या छज्ज्यांना आग्या मोहोळं लटकतात आणि माश्या उठल्याचे प्रकार घडतात. चढण्याआधी खालूनच कपारी न्याहाळून घ्याव्यात. नाणेघाटात धुकं दाटलं असेल, तर दुर्बीण पिशवीतच बरी. ती धुकंही आठपट मोठं करते.

पावसाळा आणि बुरशी

घाटमाथ्यावरच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. तिचे धागे काचेवरचा लेप खातात आणि मग कितीही पुसलं तरी डाग राहतो. म्हणून नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्यावी. तिच्या आतल्या काचांवर वाफही धरत नाही. तरी बाहेरची काळजी आपलीच. ओली दुर्बीण कधीही पाकिटात कोंबू नये. घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं टिपून रात्रभर उघडी ठेवावी, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. तांदळात पुरू नये, त्याचा भुगा सांध्यांत बसतो.

पुसताना

सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसणं ही सर्वात महाग सवय. वाटेवरच्या धुळीत बारीक खडे असतात आणि ते काचेवर ओरखडे काढतात. आधी रबरी फुगा दाबून धूळ उडवा, मग मऊ ब्रश फिरवा आणि शेवटी स्वच्छ मायक्रोफायबर कापड हलकेच. घामाचा डाग हटत नसेल तर भिंगासाठीच्या द्रावाचा एक थेंब कापडावर घ्या, काचेवर नव्हे.

शिवनेरीवर सूर्योदयाला हातात दुर्बीण असते, म्हणून सांगतो: सूर्याकडे ती चुकूनही रोखू नका. क्षणभरातही डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांच्या हातात देताना तिची दोरी त्यांच्या गळ्यात घाला आणि पूर्वेकडे पाठ करून उभं करा.