शेजारच्या भिंतीची ऊब

२२ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्यात पारा ११.७ अंशांवर आणि सांताक्रूझ येथे ७.४ अंशांवर उतरला. मुंबईच्या थंडीचा विषय निघाला की हे दोन आकडे आजही पुढे येतात. एरवी जानेवारीतील किमान तापमान कुलाब्यात सरासरी १९ अंशांच्या आणि सांताक्रूझला १७ अंशांच्या आसपास असते. राजस्थानात बालपण गेलेल्या वडीलधाऱ्यांना यात थंडी कसली, असे वाटेल. परंतु थंडी केवळ पाऱ्यावर ठरत नाही. घर, अंथरूण आणि वय यांवरही ती ठरते. मुंबईतील घर पाऊस आणि उकाडा डोळ्यांपुढे ठेवून बांधले जाते. पौषातल्या पहाटेची व्यवस्था राहणाऱ्याने आपली आपणच करावयाची असते.

वरळीची बी.डी.डी. चाळ हे त्याचे उत्तम उदाहरण. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, सरकारने मुंबईच्या विकासासाठी स्वतंत्र खाते काढले आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला. खर्च भागविण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. म्हणजे या चाळींच्या पायात कापूसबाजारातील पेढ्यांचाही रुपया आहे. संकल्प पुरा झाला नाही. वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांबलचक पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. एका इमारतीत ८० बिऱ्हाडे आणि प्रत्येकाच्या वाट्याला १६० चौरस फूट. शौचालय पॅसेजमध्ये, सर्वांचे मिळून.

भिंती काँक्रीटच्या. काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा लवकर निसटते. वैशाखात जी खोली दिवसभर तापते, तीच पौषात पहाटेपर्यंत गार पडते. खोलीची एकच बाजू बाहेरच्या हवेला लागते, समोर पॅसेजचे दार. खिडकी आणि दार दोन्ही उघडी असली तरच वारा खेळतो. थंडीत दोन्ही बंद केली की वारा थांबतो, आणि त्याबरोबर स्वच्छ हवाही. चाळकऱ्यांच्या हिवाळ्याचा खरा पेच हाच होता : ऊब घ्यावी की श्वास?

गिरणी कामगाराला हा पेच अधिक जाणवे. सुताचा धागा तुटू नये म्हणून गिरणीच्या खात्यांत हवा मुद्दाम दमट राखली जाई. यंत्रांची उष्णता वेगळीच. घामाने भिजलेला माणूस मध्यरात्री पाळी सुटल्यावर बाहेरच्या कोरड्या गार वाऱ्यात येई आणि दाटीवाटीच्या बंद खोलीत झोपे. छातीचे दुखणे गिरणगावात घरोघरी माहीत होते, यात नवल नाही.

उपाय साधेच होते. जुन्या लुगड्यांची गोधडी, गिरणीतून स्वस्तात मिळालेल्या कापडाच्या तुकड्यांची वाकळ. थंडीच्या तोंडावर गल्लीत पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकू आला की बसलेला कापूस पुन्हा फुलवून घ्यायचा. फरशीचा गारवा वर येऊ नये म्हणून सतरंजीखाली गोणपाट. जेवणात बाजरीची भाकरी, तीळ आणि गूळ. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. त्यामुळे बाटलीतले तेल गोठले की हिवाळा आला, हे घरात सर्वांना कळे. ती बाटली उन्हात ठेवली जाई आणि तिच्या शेजारी आजोबांची खुर्ची.

शेगडीचे मात्र जपून सांगितले पाहिजे. स्वयंपाक उरकल्यावर निखारे फुललेली शेगडी खोलीत ठेवून दार लावून घेणे, हा सवयीचा आणि जिवावर बेतणारा प्रकार आहे. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही; झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. आजही मुंबईबाहेरच्या जुन्या घरांत, बागांतील बंगल्यांत, लग्नघरच्या खोल्यांत हे घडते. शेगडी उघड्यावर शेकावी आणि बाहेरच विझवावी, यात तडजोड नाही.

पण १६० चौरस फुटांची ती खोली खऱ्या अर्थाने उबदार ठेवली ती माणसांनी. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या दिव्याइतकी. सहा-सात माणसांचे बिऱ्हाड, रात्रीचा स्वयंपाक, पलीकडच्या खोलीत तसेच बिऱ्हाड, खाली आणि वरही तेच. बाहेरची एक भिंत सोडली तर बाकीच्या भिंती, तक्तपोशी आणि जमीन शेजाऱ्यांनीच ऊन राखलेली. दाटीला आपण दोष देतो आणि तो योग्यच आहे; तरीही तिचा हा एक हिशेब जमेच्या बाजूला मांडावा लागतो.

आता तो हिशेब बदलत आहे. म्हाडाच्या पुनर्विकासातून १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ४० मजली इमारत, घरातच शौचालय, नळाला पाणी. शंभर वर्षांच्या गैरसोयीनंतर हे सुख त्यांच्या हक्काचे आहे. पुनर्विकासाच्या अशा काळात जुनी इमारत मात्र एका दिवसात रिकामी होत नाही. कोणी संक्रमण शिबिरात जाते, कोणी उपनगरात, एखादे वृद्ध जोडपे कागदपत्रे पुरी होईपर्यंत मागे राहते. दोन्ही बाजूंच्या खोल्यांना कुलूप लागले की मधली खोली चारही अंगांनी गार पडते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो; पहाटे गार पॅसेजमधून शौचालयापर्यंत जाणे सत्तरीच्या माणसाला सोपे नसते. अंथरुणाजवळ स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे, उशाशी कोमट पाण्याचा थर्मास, आणि सकाळी दार वाजवणारे कोणीतरी, एवढे तरी असावे.

हिवाळ्यात ब्लँकेटवाटप करणाऱ्या मंडळांची गाडी रात्री पदपथावरून फिरते, आणि फिरावीच. दार लावून आत बसलेले वृद्ध त्या गाडीला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी जिना चढावा लागतो, अर्ध्या रिकाम्या पॅसेजमधून चालत कुठल्या दाराखालून उजेड येतो आहे ते पाहावे लागते.